मापाऱ्याची लिंबं

सकाळचे आठ वाजायच्या आत धर्मपालच्या पोटात चौथं लिंबू गेलं होतं, आणि पाचवं बायकोच्या, प्रभावतीच्या विळीवर तयार होतं.

"बस वं आता! दात आंबले माहे. भाकर चावता येत नाई."

"चावू नका, कुस्करून खा. पण हे पिऊन घ्या."

हे सगळं नागपूरच्या डॉक्टरमुळे झालं. बिचारा माणूस समजावून सांगणारा, तेच नडलं. धर्मपालच्या प्रोस्टेट ग्रंथीत कॅन्सर आहे की काय, हे बघायला त्याने एमआरआयच्या मशीनवर एक खास तपासणी केली होती. ग्रंथीत कुठला पदार्थ किती, ते त्यात आलेखावर दिसतं. धर्मपाल मशीनमध्ये हलला, आलेख अर्धवट आला, आठ दिवसांनी पुन्हा काढायचं ठरलं.

"निरोगी ग्रंथीत सायट्रेट भरपूर असतं," डॉक्टर म्हणाले. "कॅन्सरमध्ये ते घटतं आणि कोलीन वाढतं. यांचं सायट्रेट जरा कमीच दिसतंय."

"ते काय असते जी?" प्रभावतीने विचारलं.

"लिंबात असतं ना, तसलंच." दारात पुढचा पेशंट उभा होता, म्हणून डॉक्टर तेवढ्यावरच थांबले. गाडी गावी, बोरी अरबला पोचेपर्यंत इकडे बाईंचा बेत पक्का झाला.

आता धर्मपाल कोण, तर दारव्ह्याच्या बाजारात तीस वर्षं मापारी, म्हणजे लोकांचा कापूस काट्यावर तोलणारा. वजन वाढावं म्हणून कोणी कापसाला पाणी मारून आणलं की हा पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, डोळे मिटायचा आणि दोनच शब्द बोलायचा, "ओला हाय." मग आमदार मध्ये पडला तरी गाडी परत. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सख्ख्या सासऱ्याची गाडी त्याने भर बाजारातून अशीच वापस पाठवली होती. प्रभावती महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती.

त्यामुळे लिंबाचा मतलब त्याला पहिल्याच पेल्याला कळला.

"प्रभा, हे तं कापसाले पाणी मारणं झालं. काटा फसन एखादेवेळेस, पण माल सुधरते काय?"

प्रभावतीचा हात थांबला. "नसन सुधरत. पण काट्यावर तं भरते ना! एकदा भरू द्या." आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं. धर्मपालने गुपचूप पेला उचलला. लिंबाचा रस डोळ्यात उडाला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

प्रभावतीने गावात एवढंच सांगितलं होतं की डाक्टरनं लिंबू घ्यायले लावलं. पण गावच ते! दारव्ह्याहून तिच्या बहिणीने, दीपमालाने जीपवर अर्धं पोतं चढवून दिलं, आणि जीपवाल्याने रस्त्याने सगळ्यांना त्याचं कारण सांगितलं. शेजारचा संघदीप बरणीच घेऊन आला. "जय भीम काका. लोणच्यातलं चालते काय? तीन वर्साचं मुरलेलं हाय." चालतं का नाही हे ठरायच्या आत दोन फोडी धर्मपालच्या तोंडात होत्या. जो येई तो लिंबू पिळी. सहाव्या दिवशी पोटात भट्टी पेटली, आणि जय भीम म्हणायला तोंड उघडलं तरी आधी आंबट ढेकर यायला लागला.

तपासणीच्या दिवशी मशीनवाला म्हणाला, "खिशातलं सगळं काढा. किल्ल्या, नाणी, धातूचं काहीही."

धर्मपालच्या खिशातून तीन लिंबं निघाली.

"हे काय?"

"लोखंड नोय," धर्मपाल ओशाळून म्हणाला. "बायकोनं ठेवले."

"बरं. आत हलायचं नाही हं या वेळी."

पाऊण तास बिचाऱ्याने ढेकर गिळले. मशीन ठकठक करत होतं. जन्मभर दुसऱ्याचा माल तोलला. आज पहिल्यांदा तो स्वतः काट्यावर चढला होता, आणि समोरचा मापारी जरा बेइमान निघावा, असं त्याला मनापासून वाटत होतं.

निघाला नाही. डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा प्रभावती बाटलीत पाणी भरायला गेली होती, आणि ते बरंच झालं.

"सायट्रेट जवळजवळ नाहीच," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "बाकीच्या तपासण्यांतही तेच आलंय. आजार ग्रंथीबाहेर गेलाय, काका. औषधं आहेत, काही वर्षं मिळतील. पूर्ण बरं होईल, असं मी म्हणणार नाही."

"लिंबाचं काईच नाई झालं?"

"लिंबू तिथपर्यंत पोचत नाही हो. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाई," धर्मपाल म्हणाला, आणि उठला.

बाहेर बाकावर प्रभावती बाटली मांडीवर घेऊन बसली होती. "काय म्हणे डाक्टर?"

धर्मपाल तिच्या शेजारी टेकला. "भरलं," तो म्हणाला. "बरोब्बर भरलं सायट्रेट." तीस वर्षांत त्याने सांगितलेलं हे पहिलं खोटं वजन.

प्रभावतीने बाटली बाजूला ठेवली. तिने त्याच्या मुठीत आपला हात घातला, आणि डोळे मिटले.

"ओला हाय," ती म्हणाली.

धर्मपालने मान खाली घातली. मग प्रभावतीने पदराने आधी त्याचा तळहात पुसला, नंतर स्वतःचे डोळे.

"माह्या बाबाची गाडी वापस केली, तवा खोटं बोलले असते तं चाललं असतं जी," ती म्हणाली. "आता कायले बोलता?"