नाना पहिला घास घेत नाहीत

नाना पहिला घास कधीच घेत नाहीत. श्वेताच्या दुकानात वाफाळता हॉट डॉग समोर आला की ते सदऱ्याच्या खिशातून छोटा चाकू काढतात, रुमालाला पुसतात, हॉट डॉग बरोब्बर मधोमध कापतात आणि अर्धा भाग माझ्याकडे सरकवतात.

"आधी तुम्ही, भाऊसाहेब. खा, अन् कसं लागतं ते सांगा."

मी खातो आणि सांगतो. ते डोळे मिटून ऐकतात. मग स्वतः एक घास घेतात, गाय रवंथ करते तितक्या सवडीने चावतात आणि निकाल देतात.

मधोमधच का कापायचं, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "दोन्ही टोकं दाखवायला असत्यात," ते म्हणाले. "माल मधी असतो."

नाना मूळचे विंचूरचे. पस्तीस वर्षं त्यांनी एका व्यापाऱ्यासाठी लिलावात कांदा पारखला. ट्रॅक्टर रांगेने उभे असायचे, नाना प्रत्येक ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालून मधला कांदा काढायचे, दाबायचे, कानाशी धरून साल चुरगाळायचे, फोडून नाकाशी न्यायचे आणि बोलायचे. त्यांचे निकाल तीनच. "गाडी खाली करा" म्हणजे माल पसंत. "निवडून आणा" म्हणजे सुधारणेला वाव आहे. आणि "गाडी वळवा" म्हणजे काय ते शेतकऱ्याला न सांगता कळायचं. पुढे गुडघे गेले म्हणून त्यांनी बाजार सोडला आणि इंदिरानगरात, आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, मुलाकडे राहायला आले. गुडघे गेलेला हा माणूस लिफ्ट वापरत नाही. "तिची वाट कोन बगतं!" म्हणत जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरतो. याचं मला कधी आश्चर्य वाटलं नाही. मला ज्या गोष्टींचं आश्चर्य वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही, त्यांची यादी मोठी आहे.

तळमजल्यावर श्वेताचं दुकान. सहा टेबलं, एक तवा, एक भट्टी. ती पुण्यातल्या हॉटेलात काम करून परत आली आणि इथे हॉट डॉग विकायला बसली. चिकनचं सॉसेज स्वतः भरते, पाव स्वतः भाजते, मस्टर्डसुद्धा स्वतः वाटते. पहिले सहा महिने लोक आत यायचे, फळा पूर्ण वाचायचे आणि विचारायचे, "वडापाव नाही का?"

नाना आले तेव्हा तिने त्यांच्यापुढे परतून लाल केलेला कांदा घातलेला हॉट डॉग ठेवला. नानांनी तो बाजूला सारला आणि कच्चा कांदा मागितला. दाबला. कानाशी धरला. "ताई, हा पावसात भिजलेला हाय. आठ दिवसांत कोंब येतील." सातव्या दिवशी श्वेताच्या टोपलीत हिरवे कोंब उभे होते. तेव्हापासून कोणताही नवा पदार्थ नानांनी 'गाडी खाली करा' म्हटल्याशिवाय फळ्यावर लिहायचा नाही, असा तिने नियमच केला.

त्यांचा मुलगा प्रशांत एकदा जिन्यात मला म्हणाला, "दिवसभर बाल्कनीत बसून असतात हो. कुणाशी बोलत नाहीत. पण साडेचार वाजले की इस्त्रीचा सदरा मागतात. पाच वाजता बाजार उघडतो ना त्यांचा."

आणि या बाजारात त्यांनी पहिल्या घासाचा मान मला दिला होता! मी हुरळलो नसतो तरच नवल. तशी माझी तयारीही होती. मागे एकदा ऑफिसच्या मंडळींबरोबर मी द्राक्षाच्या मळ्यात वाइन चाखायला गेलो होतो. पेला कसा फिरवायचा, कसं हुंगायचं, कुठे थुंकायचं, हे सगळं तासाभरात शिकवलं. मी थुंकायच्या जागी गिळलं आणि परतीच्या बसमध्ये पिशवीत उरलेलं काम पूर्ण केलं. पण शब्द मात्र पाठ करून आलो.

"नाना, याला स्मोकी नोट्स आहेत. आणि फिनिश लांब आहे."

"फिनिश म्हंजे?"

"म्हणजे चव रेंगाळते."

"मंग रेंगाळते म्हना ना."

मी घरी सांगितलं की बाजारातला एवढा जाणकार माणूस माझ्या जिभेवर विसंबतो. बायको म्हणाली, "तुमच्या? परवा भातात मीठ नव्हतं. दुसऱ्यांदा वाढून घेतलात, तरी कळलं नाही." मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आजचा घास' नावाचं सदर सुरू केलं. तीन दिवसांत दोघं ग्रुप सोडून गेले. मला वाटलं, फोन बदलला असेल.

नानांचे निकाल मात्र मोजक्या शब्दांचे. "मीठ चढलं." "आंबट कमी." बाकी ते माझंच बोलणं पुढे चालवायचे. मी धुराचा वास म्हटलं की ते "धूर बरोबर हाय" म्हणायचे. आणि मस्टर्ड इतकं थापायचे की डोळ्यांतून धारा लागायच्या. "झोंबलं की कसं, खाल्ल्यासारखं वाटतं," असं म्हणत डोळे पुसायचे.

मग ती संकष्टी आली.

थंडीचे दिवस होते. माझं नाक दोन दिवसांपासून असं बंद होतं की कोणी उशाशी धूप घातला असता तरी कळलं नसतं. पण रसिकाला सर्दी होते हे जगाला कशाला सांगायचं? मी "धूळ फार आहे" म्हणत रुमाल लावून खाली गेलो. श्वेताला अंबडच्या एका कंपनीतली ऑर्डर होती. कुणाचा तरी निरोप समारंभ होता, तीस हॉट डॉग हवे होते, आणि तेही तिच्या नव्या प्रकारचे, वर शेंगदाण्याचा ठेचा घातलेले. तिने पहिला हॉट डॉग समोर ठेवला.

"नाना, आज माझी संकष्टी. चंद्र दिसेपर्यंत मी बोटसुद्धा चाटणार नाही. शेंगदाणे नव्या पोत्यातले आहेत आणि मला जरा शंका येतेय. पण मिरचीच्या खकाण्यात नाकाला काही कळेना. खवट नाहीत ना, तेवढं सांगा. तुम्ही हो म्हटलंत तरच पाठवते."

नानांनी कापला. अर्धा सरकवला. "आधी तुम्ही."

मी खाल्लं. तिखट कळलं, मीठ कळलं. त्यापलीकडे मी कालचं वर्तमानपत्र चावतोय की काय, तेही सांगता आलं नसतं. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. श्वेता माझ्याकडे बघत होती, नाना डोळे मिटून वाट बघत होते.

"खमंग!" मी म्हणालो. "एकदम रोस्टेड नोट्स. थोडा मातीचा गंध."

नानांनी घास घेतला. चावला. "मीठ बरोबर. तिखट बरोबर. गाडी खाली करा."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता आम्ही खाली आलो, तर गल्ल्यामागे पुठ्ठ्याचे खोके रचलेले होते. तीसपैकी सव्वीस हॉट डॉग परत आले होते, बहुतेकांना एकेक चावा घेतलेला. श्वेता फार हळू बोलली. "नाना, शेंगदाणे खवट होते हो."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. नानांनी एक खोका उघडला, हॉट डॉग मधोमध कापला आणि या खेपेला स्वतः आधी खाल्ला. खूप वेळ चावला. काहीतरी हरवलेलं तोंडात शोधत असल्यासारखं. मग चाकू मिटला.

"चुकलं माझं, ताई," ते म्हणाले आणि निघाले. जिन्यापाशी थांबले, वळले, लिफ्टचं बटण दाबलं.

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला याहून चांगली वेळ नव्हती. सदर लिहिणारा मी, पण नाकाला रुमाल लावून जिन्याने घरी गेलो.

तीन दिवस नाना आले नाहीत. "गुडघे दुखतात म्हणतात," प्रशांत म्हणाला. "इस्त्रीचा सदराही मागत नाहीत." श्वेताने चिंचेचं नवं सॉस करून ठेवलं होतं. त्यावर झाकण होतं. मी विचारलं तर म्हणाली, "नाना आले की बघू."

चौथ्या दिवशी मी वर गेलो. नाना बाल्कनीत बसले होते. हातात एक कांदा. तो दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते.

"बसा, भाऊसाहेब." मग कांद्याकडेच बघत म्हणाले, "मला वास येत नाय."

"सर्दी झालीय?"

"नाय. चार-पाच वर्षं झाली. त्या साथीत ताप आला, अन् वास गेला. सगळ्यांचा परत आला, माझा नाय आला. खारट, तिखट, गोड, आंबट कळतं. बाकी सगळं सारखंच. बाजारात मी कुनाला सांगितलं नाय. हातावर अन् कानावर वर्षभर काढलं. मंग एक दिस एक ट्रॉली आली. हात म्हनत होता, चांगली हाय. आतून सडलेली. शेजारी हमाल नाकाला उपरनं लावून उभा, अन् मी म्हनतोय, गाडी खाली करा." त्यांनी हातातला कांदा पुन्हा दाबला. "दुसऱ्या दिवशी शेठला सांगितलं, गुडघे गेले. पोराला बी तेच सांगितलं. तुम्ही सांगू नका."

मला एकेक गोष्ट कळायला लागली. जिना कळला. मस्टर्ड कळलं. आणि माझा मानही कळला.

"म्हणून पहिला घास मला?"

"मंग? तुम्ही खाल्लं की मला जरा अंदाज यायचा. खाताना एवढं बोलनारं दुसरं कोन हाय?"

"मला वाटलं, माझी जीभ..."

"जीभ साधारनच हाय तुमची," नाना म्हणाले. "पन तोंड थांबत नाय."

हे मी निमूट गिळलं. मळ्यात शिकलेलं एवढंच कामी आलं.

मग मीही सांगून टाकलं. "नाना, त्या दिवशी मला सर्दी होती. काहीच कळत नव्हतं. खमंग वगैरे मी आपलं ठोकून दिलं."

त्यांनी कांदा मुठीत घट्ट धरला. मला वाटलं, आता कांदा डोक्यात बसतो.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "त्या टेबलावर नाक..."

"एकही नव्हतं."

नाना हसायला लागले. खुर्चीचे हात धरून, आवाज न करता, खांदे हलवत हसले. मग हसणं ओसरलं. "चार दिस वाटत व्हतं, आता जीभ बी गेली. म्हटलं, संपला बाजार."

"चला खाली."

"आता कशाला? त्या पोरीनं माझ्या शब्दावर माल पाठवला."

"आणि तुम्ही माझ्या. चला, तिला मी सांगतो."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोरच मी श्वेताला सांगितलं की माझं नाक बंद होतं, मी नानांना खोटं सांगितलं आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. नानांच्या नाकाबद्दल मी काही बोललो नाही.

"काका, सर्दी होती तर सांगायचं ना!"

"हो."

"आणि तो मातीचा गंध?"

"तो मी सगळ्याच गोष्टींत घालतो."

एवढ्या जाणकार माणसाने माझ्यासारख्याच्या शब्दावर का जावं, हे तिने विचारलं नाही. तिने एक हॉट डॉग केला, वर चिंचेचं सॉस आणि भट्टीत भाजलेला कांदा घातला. नेहमी ती बशी नानांपुढे ठेवते. आज तिने ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "आधी तुम्ही, काका." तिला किती कळलं होतं ते मला अजून माहीत नाही. मीही विचारलेलं नाही. हल्ली शिंक आली की मी साडेचारच्या आत तिसऱ्या मजल्यावर फोन करून कळवतो, एवढंच.

नानांनी चाकूने मधोमध कापलं. मी घास घेतला.

"इंग्रजी नको," नाना म्हणाले. "मला दिसंल असं सांगा."

"सॉस आंबटगोड आहे. कांदाही गोडसर..."

"आंबटगोड मला कळतं. वास सांगा."

मी पुन्हा घास घेतला. एवढी वर्षं बडबड केली, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी नीट चावलं.

"मामाच्या मळ्यावर आम्ही शेकोटीत कांदे पुरायचो," मी म्हणालो. "वरची साल जळून काळी व्हायची. ती सोलताना बोटं भाजायची. आतून पाणी सुटायचं, ते निखाऱ्यावर पडलं की चर्र व्हायचं आणि धूर थेट नाकात जायचा. तो वास."

नाना डोळे मिटून होते. श्वेता चिमटा हातात धरून उभी होती.

"लाकूड कशाचं?" त्यांनी विचारलं.

"बाभळीचं."

"हां." त्यांनी मान हलवली आणि मग घास घेतला. बराच वेळ चावला. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मस्टर्डची बाटली माझ्या बाजूला होती, झाकण लावलेली.

"लागलं," नाना म्हणाले. मग श्वेताकडे वळले. "ताई, गाडी खाली करा."