पुलाच्या अलीकडे हसनभाई

मुलांनो, व्हिडिओ कॉलवर माझ्या मागून जो आवाज येतो आणि तुम्ही घाबरून विचारता, “आजी, कोण भांडतंय?” तो आवाज आमच्या शेजारच्या हसनभाईंचा. ते भांडत नसतात. ते नदीची पातळी सांगत असतात.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज सकाळी दात घासून झाले की हसनभाई गॅलरीत उभे राहतात आणि साऱ्या गल्लीला ऐकवतात, “पंचगंगा लांग बांधून तयार हाय! आज नुसत्या जोरबैठका चालल्यात! घाबरायचं काम न्हाय!” पाणी वाढलं की “अंगाला माती लावली”, आणि पात्राबाहेर आलं की “पंचगंगा मैदानात उतरली!” समोरचे निवृत्त पोस्टमास्तर चहा खाली ठेवून ओरडतात, “अहो, किती फूट ते सांगा की!” त्यावर हसनभाईंचं उत्तर ठरलेलं. “फूट सरकार सांगतंय. मी नूर सांगतोय.”

हसनभाई आयुष्यभर कुस्तीच्या मैदानात निवेदन करत आले. गडहिंग्लजपासून सांगलीपर्यंत त्यांचा आवाज लोकांना ठाऊक आहे. मैदान नसतानाही तो आवाज खाली येत नाही. माझ्याकडे साखर मागायला आले तरी पोस्टमास्तरांना कळतं. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणतात, “बाई, जोड मिळाली न्हाय.”

पण पावसाळ्यात त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. नदीपलीकडच्या सखल गावात त्यांची मोठी बहीण एकटी राहते. मोठ्या बहिणीला इकडे, घर कुठल्याही धर्माचं असो, अक्काच म्हणतात. आई लवकर गेली, अक्काने त्यांना वाढवलं. भावाला पैलवान करायचं म्हणून दारातल्या म्हशीचं धारोष्ण दूध त्याच्यापुढे धरलं. गुडघा मोडला आणि पैलवानकी संपली, तेव्हा म्हणाली, “पाय गेला तर जाऊ दे, तोंड हाय न्हवं?”

मागच्या महापुरात बोट तिच्या दारापर्यंत गेली. बोटीत माणसांनाच जागा होती. अक्काने स्वतःच्या हाताने म्हशीचं दावं सोडलं आणि ती बोटीत बसली. म्हैस परत मिळाली नाही. नवी म्हैस आणली त्या दिवशी अक्काने सांगून टाकलं, “आता पाणी येऊ दे न्हायतर काय बी येऊ दे, हिला सोडून मी हालनार न्हाय.”

गेल्या वर्षी केतकी नावाची पुण्याची मुलगी माझ्याकडे आली. एका परदेशी मदतीच्या प्रकल्पात ती काम करत होती. नेदरलँड्सचे अभ्यासक आणि आपले हवामानतज्ज्ञ मिळून पुराचा अंदाज काही दिवस आधी काढणार, आणि तो नदीकाठच्या घरोघरी साध्या फोनवरसुद्धा आवाजात पोचवणार. इंग्रजी मजकुराचं मराठी करायला त्यांना कुणीतरी हवं होतं. मी चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं, लगेच बसले. लिहिलं: “आगामी कालावधीत सखल क्षेत्रात जलप्लावनाची मध्यम ते उच्च संभाव्यता आहे.”

हसनभाईंनी ते दोनदा वाचलं. “बाई, पत्रिका झकास झालीया. लगीन कुणाचं हाय?”

शेवटी निवेदन त्यांनीच करायचं ठरलं. जुलैत पाऊस थांबेना. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि प्रकल्पाचा पहिला इशारा द्यायची वेळ आली. हसनभाईंनी कोट घातला, घसा साफ केला आणि माझ्या हॉलमध्ये उभं राहून फोनमध्ये गर्जना केली, “ऐका हो पावणं! पंचगंगा मैदानात उतरलीया! दोन दिवसांत रस्त्यावर पानी! लेकराबाळांसकट घराभाईर पडा!” केतकीच्या अंगावर काटा आला. माझ्याही.

निरोप गावोगावी गेला. आणि लोक खरोखरच लेकराबाळांसकट घराबाहेर पडले, थेट पुलावर नदी बघायला! हसनभाईंचा आवाज आला की गाडीला किक मारायची आणि मैदान गाठायचं, हीच इथल्या माणसांची सवय. पुलावर कणसं भाजायची गाडी लागली. फेटा बांधून आलेले एक आजोबा पोलिसाला विचारत होते, “कुस्ती कवा लागनार?” पोलीस शिट्ट्या फुंकून लाल झाला.

हसनभाईंनी अक्काला फोन लावला. माझ्यासमोरच, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकू आल्या.

“अक्का, निरोप ऐकलास?”

“ऐकला की! लई भारी बोललास. शेजारणीला बी ऐकवला.”

“मग निघालीस का?”

“कुठं?”

फोन ठेवून ते माझ्या पायरीवर बसले. बाहेर पाऊस कोसळत होता. “बाई, अख्खं मैदान हालवलं मी ह्या आवाजानं,” ते म्हणाले, “आनि एक म्हातारी हालत न्हाय.” रेडिओ म्हणत होता, पाणी वाढतंच आहे.

केतकीने त्याच दुपारी सगळ्यांना व्हिडिओवर बोलावलं. त्यात नेदरलँड्सचा एक तरुण अभ्यासक होता आणि बांगलादेशातल्या शिरीनबाई होत्या. तिकडच्या नदीकाठच्या गावांत हेच काम त्या बरीच वर्षं करत होत्या. बांगलादेश लांब आहे म्हणून हसनभाई जास्तच मोठ्याने बोलले, “नमस्कार बाई!!” शिरीनबाईंनी कानातलं यंत्र काढलं, हसल्या आणि परत घातलं. त्यांचं इंग्रजी मी हसनभाईंना मराठीत सांगत होते.

त्यांनी विचारलं, “पाणी येणार हे तुम्ही सांगितलंत. जनावरं कुठे बांधायची ते सांगितलंत का?”

नेदरलँड्सचा मुलगा वहीत बघू लागला.

“आमच्याकडे बाई गाईशिवाय घर सोडत नाही,” शिरीनबाई म्हणाल्या. मग त्यांनी हसनभाईंना विचारलं, “बोलताना तुमच्या डोळ्यासमोर कोण असतं?”

“मैदान! हजारो मानसं!”

“एकाच माणसाशी बोलून बघा.”

केतकी आणि तहसीलचे लोक रातोरात कामाला लागले. पुलाअलीकडच्या शाळेमागच्या पटांगणात ताडपत्र्या बांधल्या, साखर कारखान्याच्या ट्रॉलीतून वैरणीला उसाचे वाडे, म्हणजे हिरवे शेंडे, आले, जनावरांचा डॉक्टर आला. हे सगळं हसनभाईंनी स्वतः जाऊन पाहिलं. वैरण हातात घेऊन वाससुद्धा घेतला. मग सकाळीच माझ्याकडे आले. पावसाचा आवाज फोनमध्ये येऊ नये म्हणून मी त्यांना माझं साड्यांचं कपाट उघडून दिलं. त्यांनी त्यात डोकं घातलं. साड्या कानांपर्यंत ओढून घेतल्या. मला वाटलं, गुदमरतात की काय. मग आतून आवाज आला, इतका हळू की मी वाकून ऐकला:

“अक्का, मी बोलतोय. पानी परवा दारात येनार. आज उजेड हाय तवर निघ. म्हस सोडून येऊ नगंस, संगट घेऊन ये. शाळंमागं तिची सोय केलीया, वैरन हाय, मी बघून आलोय. तू ये. मी पुलाच्या अलीकडं थांबतो.”

प्रत्येक निरोप इंग्रजीत करून मंजूर करून घ्यायचा नियम होता. मी केला. नेदरलँड्सहून प्रश्न आला, ‘ही अक्का कोण?’ मी लिहिलं, ‘मोठी बहीण.’ पुढचा प्रश्न, ‘कुणाची?’ मी लिहायला घेतलं, तोवर शिरीनबाईंनीच उत्तर टाकलं, ‘ज्या घरात फोन वाजेल, त्या घरातली.’ निरोप तसाच गेला.

“मी थांबतो म्हटलंय,” हसनभाई म्हणाले आणि छत्री न घेताच निघाले. मी त्यांच्यामागे छत्री घेऊन रिक्षाने गेले.

आधी एक ट्रॉली आली. मग बैलगाडी, मग पुन्हा ट्रॉली. म्हशी, शेळ्या, कोंबड्यांच्या पाट्या, गाठोडी. ट्रॉलीतून उतरणारी एकेक म्हातारी इकडेतिकडे बघायची आणि विचारायची, “फोनवर बोललेला बाबा कोन?” हसनभाई पुढे व्हायचे. “मीच, अक्का. ह्या वाटंनं जा. पाय संभाळ, घसरतंय.” एकीने त्यांच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. दुसरीने दटावलं, “भिजतोस कशाला रं, डोक्यावर घे काय तरी.” त्यांची स्वतःची बहीण मात्र कुठल्याच ट्रॉलीत नव्हती. ते प्रत्येक म्हातारीला वाट दाखवत होते आणि तिच्या खांद्यावरून पुलाकडे बघत होते. पाणी पुलाच्या कमानींना लागलं होतं. मी छत्री धरली होती, पण ती त्यांच्या डोक्यावर राहत नव्हती. ते सारखे पुढे जात होते.

उजेड कमी होऊ लागला तेव्हा पुलावर एक म्हैस दिसली. तिच्यापुढे दावं धरून एक ठेंगणी म्हातारी, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. ट्रॉलीत म्हैस बुजली म्हणून ती सगळी वाट चालत आली होती.

ती येऊन भावासमोर थांबली. मागे शाळेकडे चाललेल्या बायकांकडे तिने मान वळवून पाहिलं.

“एवढ्या जनींना अक्का म्हनलास व्हय रं, हसन्या? मग मला काय म्हननार हाईस?”

सगळ्या जिल्ह्याला ऐकू जाणाऱ्या त्या माणसाने तिच्या हातातलं दावं स्वतःच्या हातात घेतलं आणि म्हशीच्या पुढे चालू लागला.