एलोयने माइकवर बैल चोरला

"दुभाषी म्हणजे तिथे असूनही नसलेला माणूस!" एलोय सुल्काने त्या सकाळी आईला ठणकावून सांगितलं. "कळलं? मी तिथे नसतोच!"

आई चुलीपुढे उकडलेले बटाटे फडक्यात बांधत होती. तिने मान वर न करता विचारलं, "मग पगार कुणाला देतात?"

"आई! तुला कसं समजावू? समोरचा माणूस 'मी' म्हणाला की मीही 'मी' म्हणायचं. 'तो असं म्हणतो, ती तसं म्हणते' हे सगळं अडाण्यांचं काम. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. आणि मला स्वतःला काही बोलायचं असेल, तर 'दुभाषी म्हणतो' असं म्हणायचं. लिमाहून शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या, एलोय, या वर्गात तुझ्यासारखा एकही नाही!"

"वर्गात कितीजण होते?"

हा प्रश्न एलोयने ऐकलाच नाही. तो उसन्या कोटाची बटणं लावत होता.

कोट उसना असला तरी छाती स्वतःची होती आणि ती फुगायला कारणही होतं. राजधानी लिमातल्या एका खाणावळीत भांडी घासताना एलोयने आपली केचुआ भाषा फाटक्या मोज्यासारखी बुटात लपवून ठेवली होती. चुकून तोंडातून एक शब्द निसटला, तर लोक 'डोंगरातून कधी उतरलास रे?' म्हणून हसायचे. आणि आता! आता बँकेला केचुआ बोलणारा हवा, दवाखान्याला हवा, खाणवाल्यांना तर हवाच हवा, आणि कोर्टाचं तर दुभाष्यावाचून पान हलेना. आई शेजारणीला सांगत सुटली होती, "जी भाषा मी याला फुकट शिव्या घालत शिकवली, तिचे आता सरकार पैसे देतंय!"

फक्त एक अडचण होती. कोर्टातली नोकरी अजून कायम झाली नव्हती. न्यायाधीश दोक्तोरा लिन्यान ही कडक बाई. तिला केचुआचा एक शब्द येत नव्हता, पण दुभाषी कुठे घसरतो ते तिला बरोबर कळायचं. एलोयच्या आधी आलेला पहिला दुभाषी साक्षीत स्वतःची मतं घुसडायचा, म्हणून गेला. दुसरी मुलगी साक्षीदाराच्या बरोबरीने रडली, म्हणून गेली. आजचा खटला ही एलोयची परीक्षा होती. पास झाला तर नोकरी कायम, आणि नापास झाला तर पुन्हा लिमा, पुन्हा ती तेलकट भांडी.

खटला ओढ्यापलीकडच्या अंकापाता गावात होता. त्या दिवशी कोर्टच गावात येणार होतं. बैलचोरीची भानगड. एपिफानिया नावाच्या विधवेचा एकुलता एक बैल सणाच्या रात्री गोठ्यातून गेला होता, आणि आरेकिपा शहरातला गुरांचा व्यापारी बुस्तिंसा पकडला गेला होता. वकिलाने त्याला सल्ला दिला होता, सगळं कबूल कर, बैलाची किंमत भर, शिक्षा कमी होईल. म्हणजे आज नुसती कबुली व्हायची होती. 'सोपं काम!' एलोय ओढा ओलांडताना मनाशी म्हणाला.

कोर्ट भरलं ते शाळेच्या एका चिमुकल्या खोलीत. न्यायाधीश, कारकून, वकील, एक पोलीस, बुस्तिंसा आणि एपिफानियाबाई एवढी माणसं आत बसली आणि खोली संपली. उरलेलं अख्खं गाव अंगणात, थंडीत, पोंचो पांघरून उभं. त्यांना ऐकू जावं म्हणून शाळेच्या छपरावरचा लाउडस्पीकर जोडला होता. एरवी त्यावरून हरवलेल्या मेंढ्या आणि लसीकरणाच्या तारखा पुकारत. माइक मात्र एकच.

"माइक दुभाष्यापुढे ठेवा," दोक्तोरा म्हणाल्या. "लोकांना त्यांच्या भाषेत कळलं पाहिजे."

निर्णय अगदी रास्त होता. पुढे जे घडलं ते या रास्त निर्णयामुळेच!

बुस्तिंसा चांगल्या लोकरी कोटात, केस चापूनचोपून बसवून, खुर्चीत मान खाली घालून बसला होता. तो स्पॅनिशमध्ये पुटपुटल्यासारखं बोलू लागला. एलोय खोलीच्या मधोमध उभा. त्याने घसा खाकरला, माइक ओढला आणि खणखणीत केचुआत सुरू केलं.

"सणाच्या रात्री मी या बाईच्या गोठ्याची भिंत फोडली!"

लाउडस्पीकर घुमला. आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. एलोयला स्वतःचा आवाज फार आवडला.

"मी बैलाच्या तोंडाला पोतं बांधलं! कुत्रा भुंकायला लागला, त्याला मी पाव टाकला!"

बाहेर कुजबुज सुरू झाली. दोक्तोरा मान डोलावत होत्या. एलोयला वाटलं, जमतंय! बुस्तिंसाने काहीतरी गुळमुळीत म्हटलं आणि एलोयने तेही एक शब्द न गाळता डोंगराला ऐकवलं.

"मला भीती कसली? या गावातली माणसं प्यायली की मेलेल्या मेंढरासारखी पडतात! मी बैल ट्रकात चढवला आणि दुसऱ्या दिवशी बाजारात विकून टाकला!"

बाहेर असा गलका उठला की खिडकीची काच थरथरली. एलोयला वाटलं, ही आपल्या बोलण्याची दाद!

आता आत काय चाललं होतं ते पाहा. एपिफानियाबाईंना स्पॅनिश येत नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच. कोपऱ्यात एक कोटवाला साहेब हळू आवाजात काहीतरी सांगतोय, आणि मग मधोमध उभा असलेला, मापात न बसणारा कोट घातलेला पलीकडच्या गावचा सुल्कांचा पोरगा गळा फाडून ओरडतोय, 'मी बैल चोरला!' कोटवाला त्याचा वकील असणार, दुसरं काय! बाई खिडकीपाशी गेल्या आणि बाहेर म्हणाल्या, "मार्सेलिनाचा एलोय! मला वाटलं हा लिमात भांडी घासतो, आणि हा तर बैल पळवतोय!"

दार धाडकन उघडलं. गावच्या गस्ती पथकाचे म्होरके तेओदोसिओ आत शिरले. हातात वेणी घातलेला चामड्याचा चाबूक, मागे आणखी चौघे. त्या भागात चोर सापडला की कोर्टाआधी गस्तवाले त्याचा समाचार घेत, आणि त्यांच्या तावडीतून सुटलेल्या चोराला मग तुरुंगही आजोळासारखा वाटे.

"दोक्तोरा," तेओदोसिओ केचुआत गरजले, "कबुली झाली! चोर आमच्या हवाली करा. मी त्याला अनवाणी माळावर पळवीन. मग तळ्यातला बर्फ फोडून आत बुचकळीन!"

एलोयचं तोंड डोक्याच्या आधी चालू लागलं. तो शांतपणे स्पॅनिशमध्ये म्हणाला, "'कबुली झाली. चोर आमच्या हवाली करा. मी त्याला अनवाणी माळावर पळवीन. मग तळ्यातला बर्फ फोडून आत बुचकळीन.'"

हे ऐकून बुस्तिंसाचा चेहरा पांढरा पडला. तो खुर्चीतून उठून टेबलाखाली शिरला आणि तिथून किंचाळला. एलोयने इमानाने माइकवर भाषांतर केलं.

"नको! मला मारू नका! मी एकाचे दोन बैल देतो! तीन देतो!"

तेओदोसिओ एलोयच्या अगदी तोंडाजवळ आले. त्यांच्या गालात कोकाच्या पानांचा तोबरा होता. "तीन बैल? तू? अरे, तुझ्या आईकडे धड एक मेंढी नाही!"

तुझ्या आईकडे! आत्ता कुठे एलोयच्या डोक्यात उजेड पडला. बाहेरचा तो गलका, बाईंची ती नजर, हा चाबूक! हे सगळे व्यापाऱ्यासाठी आलेच नव्हते!

"काय म्हणाले ते?" दोक्तोरांनी विचारलं.

एलोयने नियम आठवला. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. "'तुझ्या आईकडे धड एक मेंढी नाही.'"

दोक्तोरांनी चष्मा काढला. "माझ्या आईकडे?"

"दुभाषी म्हणतो, की... म्हणजे... ते तुमच्या आईबद्दल नव्हतं, दोक्तोरा."

"दुभाष्याने मत देऊ नये!" दोक्तोरा कडाडल्या. पहिला दुभाषी नेमका असाच गेला होता. तेवढ्यात दोघा गस्तवाल्यांनी एलोयचे दोन्ही दंड पकडले. पोलीस पुढे झाला, पण बाहेरचा जमाव पाहून पुन्हा भिंतीला टेकला. उसन्या कोटाची शिवण टरकन उसवली.

आता करायचं काय? स्वतःसाठी बोललं तर नोकरी जाते, आणि नाही बोललं तर जीव जातो! एलोयने नियमात बसेल असा मार्ग काढला. माइककडे मान लांबवून तो केचुआत ओरडला, "दुभाषी म्हणतो, की दुभाष्याने बैल चोरला नाही!"

गस्तवाल्यांनी खोलीत इकडेतिकडे पाहिलं.

"हा दुभाषी कोण?" तेओदोसिओंनी दचकून विचारलं. "म्हणजे चोरीत आणखी एक होता?"

"त्यालाही धरा!" बाहेरून कुणीतरी ओरडलं. "गावाबाहेरच्या पुलावर माणसं पाठवा!" आणि खरंच चार धडधाकट माणसं दुभाष्याला पकडायला पुलाकडे धावत सुटली!

"एलोय!" दारातून हंबरडा आला. गर्दीने आपोआप वाट दिली. त्याची आई! लाउडस्पीकरचा आवाज वाऱ्याने ओढ्यापलीकडे नेला होता, आणि मार्सेलिनाबाई चुलीवरचं टाकून, घरातल्या दोन मेंढ्या दोरीने ओढत तशाच धावत आल्या होत्या. मेंढ्यांनाही धाप लागली होती.

त्या दोक्तोरांपुढे हात जोडून उभ्या राहिल्या, मोठ्या बाईला म्हणतात तसं त्यांना 'आई' म्हणत. "मी याला जन्म दिला, आई! नऊ महिने पोटात वाढवला! लाज माझी आहे, त्याची नाही. बैल नाही माझ्याकडे. या मेंढ्या घ्या, पण पोराला तळ्यात टाकू नका, त्याच्या छातीत लहानपणापासून कफ आहे!"

एपिफानियाबाई डोळे पुसू लागल्या. दोक्तोरांनी एलोयकडे पाहिलं. "काय म्हणाल्या?"

एलोयचे दोन्ही हात मागे पिरगाळलेले होते. डोळ्यांत पाणी दाटलं होतं, पण रडायची सोय नव्हती, दुसरी मुलगी रडली म्हणूनच गेली होती. त्याने नाक वर ओढलं आणि जाड्याभरड्या पुरुषी आवाजात म्हणाला, "'मी याला जन्म दिला, आई. नऊ महिने पोटात वाढवला.'"

कारकुनाची बोटं थबकली. "हे असंच लिहू?"

"'त्याच्या छातीत,'" एलोय दात आवळून पुढे म्हणाला, "'लहानपणापासून कफ आहे.'"

दोक्तोरा त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी त्याचे पिरगाळलेले हात पाहिले, फाटका कोट पाहिला, टेबलाखालून बाहेर आलेले बुस्तिंसाचे चकचकीत बूट पाहिले, आणि शेवटी दारातल्या त्या बाईचं नाक पाहिलं. नाक हुबेहूब एलोयचं होतं.

"दुभाष्याने," त्या सावकाश म्हणाल्या, "आता स्वतःच्या वतीने बोलावं. नियम मी पाच मिनिटं बाजूला ठेवते."

एवढं ऐकताच एलोयच्या तोंडातून शब्दांचा लोंढाच सुटला! "अरे माझ्या तेओदोसिओ काका, चोर तो आहे, तो टेबलाखालचा! तो स्पॅनिशमध्ये बोलतो, मी ते केचुआत सांगतो! मी त्या रात्री लिमात होतो हो, भांडी घासत होतो!"

तेओदोसिओंनी खाली वाकून टेबलाखाली पाहिलं, वर येऊन एलोयकडे पाहिलं. "मग 'तो म्हणतो' असं सांगायला तुझी जीभ झडली होती?"

"नियम आहे, काका. तो 'मी' म्हणाला की मी 'मी' म्हणायचं."

"कुणाचा नियम?"

"लिमाचा."

तेओदोसिओंनी गालातली पानं या बाजूची त्या बाजूला केली. मग त्यांनी माइक हातात घेतला आणि साऱ्या गावाला समजावून सांगितलं, "ऐका रे! लिमात अशी रीत आहे. चोरी साहेब करतात, आणि 'मी केली' म्हणायला आपल्यातला एक पोरगा पगारावर ठेवतात!"

बाहेर हशा उसळला. हे त्यांना पटलं होतं, कारण यात त्यांना नवीन असं काहीच नव्हतं. गस्तवाल्यांनी एलोयचे हात सोडले. बुस्तिंसाला टेबलाखालून ओढून काढलं, तेव्हा तो धावत जाऊन स्वतःहून पोलिसाच्या मागे लपला. बैलाच्या किमतीवर आणि शिक्षेवर सही करताना त्याला एवढी घाई होती, की त्याने सही कारकुनाच्या ओळीवर केली.

सामानसुमान आवरल्यावर दोक्तोरा एलोयजवळ आल्या आणि त्यांनी चक्क हात पुढे केला.

"इतकी वर्षं कोर्टात आहे, पण असा दुभाषी पाहिला नाही. स्वतःला बुडवायची धमकीसुद्धा तुम्ही एक शब्द न गाळता सांगितलीत! सोमवारपासून या. कायमचे."

ओढ्याकडे उतरताना एलोयचे पाय जमिनीवर नव्हते. आई पुढे, मेंढ्या मध्ये, तो मागे. लिमा नाही, भांडी नाहीत, खाणावळीचा मालक नाही! त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण आई भराभर पुढे चालत होती. अंकापाता दिसेनासं झालं तशी ती थांबली. तिने मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि त्याच्या जवळ येऊन हळूच विचारलं,

"आता आपण दोघंच आहोत. कुणाला सांगणार नाही मी. तू त्या बैलाचं काय केलंस?"

"आई! अगं, मी नाही चोरला! आईशप्पथ! म्हणजे, तुझीच... मी... मी त्या रात्री..."

आईने मायेने त्याचा फाटका कोट सारखा केला.

"पोरा," ती म्हणाली, "लाउडस्पीकरवर किती सरळ, मनापासून बोलत होतास रे! आणि आता बघ, कसा अडखळतोयस."