कौसाचे तीन सवाल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे खेकड्याचं पाणी बदलणं. मी बादली वाकडी केली, कौसानं चाळणी धरली. "सांभाळून वो," ती म्हणाली, "नालीत गेला तर तळ्यात जातोय." मग झाकणावर धोंडा ठेवला अन् चहा पिलो.

कौसा माझी बायको. नायगावकडं तळ्यावर आम्ही मासे धरतो. बाहेरून आणलेल्या मत्स्यबीजाच्या पिशवीत हा खेकडा निघाला. आपला खेकडा काळपट, साधा. ह्याच्या नांग्यांवर मिशीसारखे केस. मी म्हणलं, कालवण कर. ती म्हणाली, "आधी पारख. ह्याचे भाऊबंद तळ्यात उतरले तर आपल्या खेकड्यांनी जायचं कुठं?"

तिच्या पारखीचे तीन सवाल. खातो काय? लेकरं किती? उन्हाळा काढतो का? हे सवाल ती माणसांना बी लावायची. बदलून आलेल्या मास्तराला पहिल्याच दिवशी लावले. मास्तर आठ दिवस आमच्या गल्लीतून गेला न्हाई.

खेकड्याला तिनं भाकरी घातली, शेवाळ घातलं, मेलेला मासा घातला. त्यानं सगळं संपवलं. "इथं नापास," ती म्हणाली. मग उलटा करून पोटाची झडप बघितली. "नर हाय. पण एकटं कोण येतंय वो?"

"मी आलतो की," मी म्हणलं. मी उदगीरचा, घरजावई.

"तुमची बी पारखच चालली होती. पहिल्या उन्हाळ्यात पळताव का बघत होते."

चाळीस वर्षांनी सांगितलं बाईनं.

तिसरा सवाल तेवढा राहिला. तळं आटल्यावर हा नुसत्या चिखलात जगतो का, ते उन्हाळ्यातच कळणार होतं. तोवर त्याला तळं बंद.

पाणी बदललं त्याच दुपारी भांडी घासता घासता ती भिंतीला टेकली, ती उठली न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणी बादली घेऊन तळ्याकडं निघाली. "दाजी, मुका जीव हाय. सोडते. अक्काला पुण्य लागंल."

मी बादली हिसकून घेतली. "पुण्य ऱ्हाऊ दे. तिचा एक सवाल राहिलाय."

एकट्याला पाणी बदलता येईना. मेहुणीला चाळणी धरायला लावली. "सांभाळून," म्हणलं, "नालीत गेला तर तळ्यात जातोय." भाकरीचा तुकडा टाकला. झाकणावर धोंडा ठेवला.

चहा शेजारणीनं आणला.