कैरो ते बगदाद, दुधावर लक्ष

"दूध ठेवलंय, लक्ष ठेव. बासुंदीचं आहे. उतू गेलं तर बघच!" असं बजावून नयना पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेली. गुणवंत "हो गं" म्हणाला. आता नवऱ्याच्या "हो गं"ची किंमत पुण्यात काय आणि तोक्योच्या कोतो भागात काय, सारखीच!

पण आज बिचाऱ्याचं डोकं खरंच ठिकाणावर नव्हतं. युरोपातली एक सार्वजनिक वाहिनी त्याच दिवशी अरबी बातम्या सुरू करत होती आणि प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर गुणवंतच्या जपानी कंपनीचं होतं. पडदा क्षणभरही काळा न पडता पहिलं बातमीपत्र पार पडलं तर कंत्राट वाढणार, नाहीतर बिऱ्हाड गुंडाळून पुण्याला परत. मुख्य चित्र गेलंच तर आपोआप लागणारी राखीव लाइन त्याने घरून तपासायची होती. त्यासाठी हलतं चित्र हवं होतं. घरात हलतं काय? दूध! पठ्ठ्याने वेबकॅम पातेल्यावर रोखला. चाचणीही झाली आणि दूधही डोळ्यांसमोर राहिलं. स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला, की ते चित्र लाइनवरून काढायलाच विसरला.

तिकडे निवेदिकेने तोंड उघडलं आणि स्टुडिओतली वीज गेली. सॉफ्टवेअरने आपलं काम चोख बजावलं. कैरोपासून बगदादपर्यंत घरोघरी नयनाचं पातेलं दिसू लागलं.

"गुणवंत-सान," व्हिडिओ कॉलवर त्याचे साहेब ओकादा-सान अतिशय शांतपणे म्हणाले, "हे दूध आहे का?"

गुणवंतची पाचावर धारण बसली. "हो, आमचंच. काढू?"

"नको! काढलं तर पडदा काळा!"

वाहिनीची अरबी संपादक हुदा कॉलवरच होती. "प्रेक्षकांचे मेसेज धो धो येतायत," ती म्हणाली.

"चिडलेत का?"

"भयंकर. म्हणतायत, गॅस बारीक करा!"

गुणवंत धावला. गॅसचं बटण फिरवणारा त्याचा हात सगळ्या अरबस्तानाने पाहिला.

"आता म्हणतायत, इतक्या बारीक गॅसवर आटणार कधी? वाढवा थोडा. आणि हलवत राहा. बसऱ्याच्या एक आजी म्हणतात, पातेलं लहान आहे."

"अहो, मी नयनाला हेच सांगतो!"

गुणवंत इमानाने दूध हलवत राहिला, साय कडेला लावत राहिला आणि दूध कसं झकास आटत गेलं! शेवटी वीज आली, निवेदिका पुन्हा दिसली. पडदा काळा पडला नव्हता. कंत्राट वाचलं!

ओकादा-सान उठून कमरेत वाकले. गुणवंतही हातातला डाव ओट्यावर टाकून स्क्रीनसमोर वाकला. साहेब पुन्हा वाकले, तो आणखी खाली वाकला. साहेबांच्या आधी थांबायचं कसं? शेवटी वास आला तेव्हा दूध ओट्यावरून जमिनीवर पोचलं होतं.

तेवढ्यात दार उघडलं. पाहुण्यांसह नयना आत आली आणि तिने कपाळाला हात लावला. "अरे, एवढंसं दूध सांभाळता आलं नाही तुला?"

गुणवंतने सगळी हकिगत सांगितली. "सगळे बघत होते तोवर थेंब सांडला नाही गं. मी एकटा पडलो आणि गेलं!"

कॉलवरून हुदा ओरडली, "गुणवंत, बातम्या कोणी बघत नाहीये! सगळे विचारतायत, दुधाचं काय झालं?"

नयनाने स्क्रीनकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. पदर खोचून ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, उद्या याच वेळेला पुन्हा ठेवतेय. आणि या खेपेला तुझ्यावर नाही, त्यांच्यावर सोपवून जातेय."