पाटीमागचे दिवे

"आजपासून स्टुलावर चढणं बंद!" दिगंबररावांनी सकाळी नऊलाच जाहीर केलं आणि खडूचा डबा केराच्या टोपलीत टाकला.

कर्वेनगरातल्या त्या मंगल कार्यालयात तीन सभागृहं. एकोणीस वर्षं तिन्ही दारांवरच्या फळ्यांवर वधूवरांची नावं दिगंबररावच लिहीत आले होते, शिंकत आणि गुडघे धरत. आता फळ्यांच्या जागी मोठे पडदे आले होते. प्रत्येकामागे एक कॉम्प्युटर, आणि तिन्ही चालवायला दिगंबररावांच्या टेबलावर केव्हीएम स्विच नावाची चपटी काळी पेटी! एक नंबरचं बटण दाबलं की कीबोर्ड पहिल्या कॉम्प्युटरला, दोन दाबलं की दुसऱ्याला. ज्याची पाळी, त्याचा हिरवा दिवा. पेटी नेटवर्कवर असल्यामुळे पडदे बसवणाऱ्या कंपनीचा शुभंकरही ती आपल्या ऑफिसातून चालवू शकायचा.

"आज जमलं तर ठीक," मालकीणबाई सत्यशीला म्हणाल्या. "नाहीतर फळे मी अजून भंगारात दिलेले नाहीत."

हे ऐकून दिगंबररावांचे गुडघे आधीच ठणकायला लागले. त्यांनी लगेच खबरदारी घेतली. वाढपी येता-जाता बटणं दाबतील म्हणून पेटीच्या तोंडावर वळणदार अक्षरातली पाटी चिकटवली: 'ही बटणे खेळण्यासाठी नाहीत. ज्यांना कळते त्यांनी दाबू नयेत. ज्यांना कळत नाही त्यांनी तर मुळीच नाही.' डिंक धरावा म्हणून दोन्ही अंगठ्यांनी ती चांगली दाबून बसवली. स्वतःला बटण लागलं तर कागदावरूनच चाचपायचं.

मग नावं. टायपिंगच्या क्लासात मान वर केली की सर पट्टी मारायचे, ती शिस्त दिगंबररावांच्या मानेत अजून होती. नजर कागदावर, बोटं कीबोर्डवर, समोरच्या मॉनिटरकडे बघणं नाहीच. एक दाबलं, टाइप केलं. दोन दाबलं, टाइप केलं. तीन, आणि झालं सुद्धा! त्यांनी खुशीत चहा मागवला.

चहाआधी वधूपिता बाबुराव आले. "अहो, आमच्या सुरुचीचं लग्न सौमित्रशी आहे ना?"

"अर्थात."

"मग दारावर हा हिंमतराव कोण?"

हिंमतराव म्हणजे तिसऱ्या सभागृहातले साठीशांतीचे यजमान. दिगंबरराव धावले. पहिल्या पडद्यावर झळकत होतं: 'सुरुची आणि हिंमतराव यांचा शुभविवाह'. दुसऱ्यावर: 'चि. सौ. कां. सलोनी यांची साठीशांत'. सलोनीच्या होणाऱ्या सासूबाई जन्मदाखला मागत होत्या. तिसऱ्यावर नुसतंच 'दुपारी १२.१७'.

पहिल्या पडद्याखाली हिंमतरावांच्या पत्नी वेणूबाई उभ्या होत्या. "तरीच या वयात यांना नवा कोट हवा होता."

"अगं, मी त्या मुलीला पाहिलेलंही नाही," हिंमतराव काकुळतीला आले.

"म्हणजे पाहण्याचा कार्यक्रम अजून बाकी आहे?"

दिगंबररावांनी शुभंकरला फोन लावला.

"काका, पेटीवरचे दिवे काय दाखवतायत?"

"तिथे पाटी आहे."

"ती काढा."

पाटी निघाली. मागे हिरवा दिवा एकावरून दोनवर, दोनवरून तीनवर आणि पुन्हा एकावर मजेत फिरत होता.

"स्कॅन लागलंय, काका. दोन बटणं एकदम दाबली की लागतं. मग दर पाच सेकंदांनी पेटी आपणच पुढच्या कॉम्प्युटरवर जाते, एकेकट्या बटणाचं ऐकत नाही. मी इथून बंद करतो. पण सकाळी दोन बटणं दाबली कोणी?"

दिगंबररावांनी अंगठ्यांकडे पाहिलं. दोन्हींवर डिंक होता.

मुहूर्ताला वीस मिनिटं उरली होती. सत्यशीलाबाईंनी तिन्ही पडद्यांचे प्लग ओढले, टेबलावरची पाटी उचलून सावकाश वाचली आणि म्हणाल्या, "अक्षर सुरेख आहे हो तुमचं. फळ्यावर शोभेल."

दिगंबररावांनी टोपलीतून खडू वेचले. वाढप्यांनी फळे पुन्हा दारांवर टांगले. पहिल्या दोन फळ्यांवर भराभर नावं लिहून ते तिसऱ्या दाराशी स्टुलावर चढले. हिंमतरावांनी स्टूल धरलं.

"आधी माझं नाव," वेणूबाई खालून म्हणाल्या. "आणि मोठं."

दिगंबररावांनी तसंच लिहिलं, एकेक अक्षर नीट बघून. या खेपेला मान वर होती, फळाच वर असल्यामुळे.