कोपरावरचं ठिगळ

शिंप्याने कोटावर इस्त्री ठेवली आणि बायकोशी बोलायला मान वळवली. जळका वास आला तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंच्या नव्याकोऱ्या कोटाला डाव्या कोपरावर बशीएवढं भोक पडलं होतं.

"मेलो! उद्या हाच कोट घालून बाई राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींना गुच्छ देणार!"

"मग लावा दुकानाला कुलूप," बायको म्हणाली. "त्या गावभर सांगतील."

शिंप्याने भोकावर मखमलीचं ठिगळ मारलं आणि बाई येताच बेधडक ठोकून दिलं, "नवी फॅशन! अध्यक्षीणबाई हल्ली असंच घालतात."

अध्यक्षीणबाईंचं नाव काढलं की विषय संपला! त्यांनी केस कापले, न्हाव्याकडे बायकांची रांग लागली. आणि नुसता नखरा नव्हे हो. 'झोपण्याआधी मी वाचते' असं त्या एकदा म्हणाल्या, तर वाचनालयात पंपदुरुस्तीचं पुस्तकसुद्धा उरलं नाही. अशी बाई लाखात एक.

"अय्या!" मुख्याध्यापिकाबाईंनी आरशात कोपर न्याहाळलं. "पण एकच?"

"एकच असतं."

संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली धडधाकट कोट घेऊन दुकानात हजर. नाही म्हणावं तर बिंग फुटणार. शिंपी मुकाट्याने ठिगळं मारत बसला. मखमल संपली तेव्हा बायकोने दुकानाच्या पडद्याला कात्री लावली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षीणबाई गाडीतून उतरल्या. दोन्ही कोपरं कोरी! मुख्याध्यापिकाबाईंचा गुच्छ हवेतच राहिला आणि सगळ्या माना शिंप्याकडे वळल्या.

अध्यक्षीणबाईंनी बाईंचं कोपर जवळून पाहिलं. ठिगळाच्या कडेला एक करपलेला धागा डोकावत होता. त्यांनी शिंप्याला बाजूला घेतलं.

"इस्त्री ना?" त्या हळूच म्हणाल्या.

"चुकलं, बाईसाहेब. दुकान बुडेल माझं."

"माझी आईपण कपडे शिवायची. असं झालं की ती वर खिसा लावायची." मग सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दादा, घाईत माझा कोट तसाच राहिला बघा. तेवढं ठिगळ लावून देता?"

कोट काढून त्यांनी चक्क त्याच्या हातात दिला. शिंप्याचे डोळे भरून आले. तशाच डोळ्यांनी त्याने ठिगळ लावलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

सकाळी पेपरात पहिल्याच पानावर फोटो होता. शिंपी कौतुकाने बघत असतानाच मुख्याध्यापिकाबाई तणतणत आत शिरल्या.

"फसवलंत ना मला? नीट बघा, त्यांचं ठिगळ उजव्या कोपराला आहे! माझं डावीकडचं काढा आत्ताच्या आत्ता."

शिंप्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

"काढतो की," तो म्हणाला. "पण बाई, डाव्या कोपराला एक खिसा लावू का?"